कॉलेजमधल्या सल्लागारांकडे कधी जायचं, काय घेऊन जायचं

पदवीच्या पहिल्या वर्षी मी माझ्या शैक्षणिक सल्लागारांना एकदाच भेटले, तेही फॉर्मवर सही हवी होती म्हणून. दाराशी आणखी चौघं ताटकळत होते. मॅडमनी विचारलं, "काही शंका?" मी म्हटलं, "नाही." सही झाली आणि मी बाहेर पडले. तीन मिनिटांचं काम.

त्या फॉर्मवर संख्याशास्त्राचा पहिला पेपर नव्हता. अवघड आहे असं ऐकलं होतं, म्हणून पुढे कधीतरी घेऊ असं ठरवलं होतं. पाचवं सत्र सुरू होऊन महिना उलटला तेव्हा कळलं की तो पेपर फक्त विषम सत्रांत शिकवतात. तो झाल्याशिवाय दुसरा भाग मिळत नाही आणि दुसऱ्या भागाशिवाय शेवटचा प्रकल्प नोंदवता येत नाही. पाचव्या सत्राची नोंदणी तोवर बंद झाली होती. म्हणजे पहिला भाग सातव्या सत्रात, दुसरा आठव्यात आणि प्रकल्प नवव्यात. माझ्या बरोबरीचे सगळे पदवी घेऊन गेले, मी एका प्रकल्पासाठी सहा महिने मागे राहिले.

तेव्हा मी पुन्हा मॅडमकडे गेले. त्यांनी कोरा कागद आडवा धरला, पेन्सिलीने आठ चौकोन काढले, प्रत्येकात एकेका सत्राचे विषय लिहिले आणि एका विषयापासून दुसऱ्यापर्यंत बाण ओढले. वीस मिनिटांत माझी सगळी पदवी त्या कागदावर दिसत होती. तो कागद माझ्याकडे अजून आहे. पहिल्याच वर्षी तो तुमच्या हातात असावा, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

१. सल्लागार काय करतात आणि काय करत नाहीत

कुठे यांना ॲडव्हायझर म्हणतात, कुठे मेंटर, ब्रिटनमध्ये पर्सनल ट्यूटर. काम साधारण एकच: कोणते विषय, कोणत्या क्रमाने, किती घ्यायचे, पदवीच्या अटी कशा पूर्ण करायच्या आणि वाटेत अडलं तर कोणाकडे जायचं, हे तुमच्याबरोबर बसून ठरवणं.

या कामाची गरज विषय निवडायची मोकळीक आल्यावर भासली. १८६९ मध्ये चार्ल्स एलियट हार्वर्डचे अध्यक्ष झाले. त्यांनी सगळ्यांना एकच ठरीव अभ्यासक्रम ही पद्धत मागे सारून ऐच्छिक विषयांची पद्धत रुजवली. निवड हातात आली, तशी निवड चुकण्याची शक्यताही आली. पुढे १९७२ मध्ये बर्न्स क्रुकस्टन या अमेरिकन प्राध्यापकांनी सल्ल्याचे दोन प्रकार सांगितले. एकात सल्लागार डॉक्टरसारखं औषध लिहून देतात आणि विद्यार्थी ते घेऊन जातो. दुसऱ्यात दोघं मिळून विचार करतात आणि निर्णयाची जबाबदारी विद्यार्थीही उचलतो. तुम्ही नुसती सही मागायला गेलात तर तुमच्या वाट्याला पहिला प्रकार येणार. दुसरा हवा असेल तर थोडी तयारी करून जावं लागतं.

काही कॉलेजांत प्राध्यापकच सल्लागार असतात, काही ठिकाणी त्यासाठी पूर्णवेळ माणसं नेमलेली असतात. माझा अनुभव असा की विषयाच्या आत काय आहे, पुढे संशोधनाला कुठला पेपर उपयोगी पडेल, हे प्राध्यापक चांगलं सांगतात. नियम, तारखा, फॉर्म आणि अपवाद पूर्णवेळ सल्लागारांना तोंडपाठ असतात. दोन्ही उपलब्ध असतील तर प्रश्न पाहून माणूस निवडा.

फीचा प्रश्न लेखा विभागाचा, गुणांचा तक्रारअर्ज आधी विषय शिक्षकांकडे, गुणपत्रिकेतली चूक परीक्षा विभागाकडे. मन खूप खचलं असेल तर समुपदेशक. सल्लागार या सगळ्यांकडे तुम्हाला पाठवू शकतात आणि कुणाला भेटायचं हेच कळत नसेल तेव्हा त्यांनाच विचारावं.

२. पहिल्या तीन आठवड्यांत भेटीची वेळ घ्या

विषय नोंदणीच्या आठवड्यात सल्लागारांच्या दाराशी रांग असते. त्या गर्दीत सहीपलीकडे काही मिळत नाही. सत्र सुरू झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जा. तेव्हा त्यांना वेळ असतो आणि कोणता विषय जड जाणार याचा तुम्हालाही अंदाज आलेला असतो.

"मॅडम, भेटायचं होतं" एवढाच मेल पाठवू नका. प्रश्न मेलमध्येच लिहा, म्हणजे त्या तुमची माहिती काढून ठेवतात. साधारण असं:

"नमस्कार मॅडम, मी पहिल्या सत्रात आहे, नोंदणी क्रमांक अमुक. दोन प्रश्न आहेत: पुढच्या सत्रात गणिताचा कुठला पेपर घ्यावा आणि मायनर (दुय्यम) विषय आत्ता ठरवावा की वर्षभर थांबावं. पुढच्या आठवड्यात वीस मिनिटं मिळतील का? आत्तापर्यंतच्या विषयांचा तक्ता सोबत जोडला आहे."

उत्तर आलं नाही तर चार-पाच दिवसांनी पुन्हा लिहा. मी एकदा लिहून गप्प बसले होते आणि त्यांना माझ्याशी बोलायचंच नाही असा समज करून घेतला होता. नंतर कळलं की मेल नुसता खाली गेला होता.

३. सोबत न्यायचे कागद

• तुमच्या प्रवेशाच्या वर्षाची अभ्यासक्रम पुस्तिका. वर्ष नीट बघून घ्या. बहुतेक ठिकाणी तुम्ही ज्या वर्षी प्रवेश घेतला त्या वर्षीचे नियम तुम्हाला लागू असतात. सीनियरची पुस्तिका घेऊन केलेलं नियोजन याच कारणाने फसतं.
• आत्तापर्यंतच्या गुणपत्रिका, अधिकृत नसल्या तरी चालतील.
• पदवीच्या अटींपैकी काय झालं आणि काय उरलं हे दाखवणारा अहवाल, कॉलेजच्या पोर्टलवर मिळत असेल तर.
• दुसऱ्या कॉलेजातून किंवा ऑनलाइन केलेल्या विषयांची प्रमाणपत्रं आणि त्यांचे सविस्तर सिलॅबस. नुसत्या प्रमाणपत्रावर क्रेडिट (विषयाचं वजन मोजायचं एकक, पदवीला ती ठरावीक लागतात) द्यायचं की नाही हे कुणालाच ठरवता येत नाही.
• पुढच्या सत्राचं वेळापत्रक.
• शिष्यवृत्ती किंवा व्हिसाच्या अटींचा कागद, असेल तर.
• तुम्ही स्वतः केलेला कच्चा आराखडा. तो चुकीचा असला तरी चालेल. कोऱ्या कागदापेक्षा चुकलेल्या कागदावर सल्लागार जास्त बोलतात.

४. क्रेडिटचा हिशोब स्वतः मांडा

हा भाग मी सविस्तर लिहिते, कारण सगळ्यात जास्त मुलं इथे फसलेली मी पाहिली आहेत.

पहिला सापळा "पूर्णवेळ" या शब्दाचा. अमेरिकेतल्या बहुतेक विद्यापीठांत पदवीला साधारण १२० क्रेडिट लागतात आणि पूर्णवेळ विद्यार्थी गणलं जायला सत्राला किमान १२ पुरतात. आता गुणाकार करा. १२ गुणिले ८ सत्रं म्हणजे ९६. चार वर्षं पूर्णवेळ शिकून, एकही विषय नापास न होता, २४ क्रेडिट कमीच पडतात. वेळेत पदवी हवी असेल तर सत्राला सरासरी १५ लागतात, नाहीतर उन्हाळी सत्रात भर घालावी लागते. ही गोष्ट फॉर्मवर कुठेच लिहिलेली नसते.

दुसरा सापळा म्हणजे सगळीकडचं क्रेडिट सारखंच असं धरून चालणं. युरोपातल्या ईसीटीएस पद्धतीत वर्षाला ६० क्रेडिट असतात, तीन वर्षांच्या पदवीला १८०, आणि एका क्रेडिटमागे सगळा मिळून २५ ते ३० तासांचा अभ्यास धरलेला असतो. इंग्लंडमध्ये तीन वर्षांच्या ऑनर्स पदवीला ३६० लागतात. भारतात यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० आणि चार वर्षांच्या पदवीला किमान १६० आहेत. म्हणून एका सत्रासाठी परदेशी जाणार असाल किंवा कॉलेज बदलणार असाल तर तिथले आकडे इथल्या आकड्यांत सरळ मिळवू नका. कोणत्या विषयाचे किती क्रेडिट धरले जातील हे जाण्याआधी लेखी विचारून घ्या.

तिसरा सापळा मला सगळ्यात फसवा वाटतो. एकूण बेरीज पुरेशी दिसते, पण खाती रिकामी असतात. मुख्य विषयाचे इतके, मायनरचे इतके, भाषेचे इतके, खुल्या ऐच्छिक विषयांचे इतके, अशी पदवीची वेगवेगळी खाती असतात. आवडते म्हणून ऐच्छिक विषय जास्त घेतले तरी त्यातले जादा क्रेडिट मुख्य विषयाच्या खात्यात जमा होत नाहीत. एका कागदावर खात्यांची नावं खाली-खाली लिहा आणि समोर तीन रकाने करा: झालेले, चालू असलेले, उरलेले. दर सत्राच्या शेवटी तो कागद भरा.

आणि वेळेचंही गणित बघा. अमेरिकेतल्या क्रेडिटच्या व्याख्येत एका क्रेडिटला आठवड्याला वर्गातला एक तास आणि त्यामागे बाहेर किमान दोन तास अभ्यास धरलेला आहे. म्हणजे १५ क्रेडिट घेतले तर आठवड्याला ४५ तास. शिकता शिकता नोकरी करत असाल तर ही गोष्ट सल्लागारांना आधीच सांगा. मी काम करत होते आणि ते कुणाला सांगायचं नाही असं वाटायचं. सांगितलं असतं तर दोन जड पेपर एकाच सत्रात आले नसते.

५. विषयांची साखळी कागदावर काढा

सुरुवातीला सांगितलेले आठ चौकोन ते हेच. कृती सोपी आहे, पण उलटी करायची असते. शेवटच्या सत्रापासून मागे या.

शेवटच्या वर्षी काय करायचं आहे? प्रकल्प, इंटर्नशिप, एखादा प्रगत पेपर? तो शेवटच्या चौकोनात लिहा. मग पुस्तिकेत त्याची पूर्वअट शोधा. ती त्याच्या आधीच्या चौकोनात. तिचीही पूर्वअट असेल तर आणखी मागे. असं करत पहिल्या किंवा दुसऱ्या सत्रापर्यंत येऊन पोचलात तर समजा की ती साखळी लांब आहे आणि तिचा पहिला दुवा आत्ताच घ्यायला हवा. साखळीत नसलेले सुटे विषय उरलेल्या जागी कुठेही बसतात.

मग प्रत्येक विषयासमोर लिहा: दर सत्रात असतो, वर्षातून एकदाच असतो की वर्षाआड? ही माहिती पुस्तिकेत बऱ्याचदा नसते. ती सल्लागारांना किंवा विभागाच्या कार्यालयात विचारावी लागते. शिकवणारे एकच प्राध्यापक असतील आणि ते वर्षभर रजेवर जाणार असतील तर तेही तिथेच कळतं.

आणखी एक गोष्ट. काही ठिकाणी पूर्वअट नुसती पास होऊन भागत नाही, ठरावीक श्रेणी लागते. पास झालात, पुढच्या विषयाला नाव घालायला गेलात आणि सिस्टीमने अडवलं, असं होतं. पूर्वअटीचं वाक्य शेवटच्या शब्दापर्यंत वाचा.

६. ड्रॉप आणि विथड्रॉच्या तारखा

सत्राच्या सुरुवातीला विषय सोडला तर त्याला बहुतेक ठिकाणी ड्रॉप म्हणतात आणि त्याचा गुणपत्रिकेवर मागमूस राहत नाही. ती तारीख उलटून गेल्यावर सोडला तर विथड्रॉ. तिथे गुणपत्रिकेवर बहुधा डब्ल्यू (विथड्रॉची खूण) लागतो, जीपीएला (श्रेणींच्या सरासरीला) धक्का लागत नाही, पण नोंद राहते आणि फी परत मिळेलच असं नाही. तीही तारीख गेली की मिळेल ती श्रेणी घ्यावी लागते.

दोन्ही तारखा सत्राच्या पहिल्या दिवशी फोनमध्ये घाला, आठवडाभर आधीच्या गजरासह. वर्गात जाणं बंद केलं म्हणजे विषय सुटला, असं समजू नका. नाव यादीत असेल तर शेवटी नापास म्हणूनच लागतं.

विषय सोडण्याआधी सल्लागारांना एकच प्रश्न विचारा: याने माझं काय काय हलेल? क्रेडिट किमान मर्यादेच्या खाली गेले तर शिष्यवृत्ती, वसतिगृहाची खोली आणि परदेशात असाल तर व्हिसा, सगळ्यावर परिणाम होऊ शकतो. व्हिसावर शिकणाऱ्यांनी आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या कार्यालयाला विचारल्याशिवाय एकही विषय सोडू नये.

७. गुण घसरले तर लगेच जा

नेमकं याच वेळी आपण सल्लागारांना टाळतो. लाज वाटते. पुढच्या सत्रात सुधारतो आणि मग भेटतो, असं वाटतं. पण जीपीएचं गणित थांबणाऱ्याच्या विरुद्ध जातं.

समजा पहिल्या सत्रात १५ क्रेडिटवर ४ पैकी २.४ जीपीए आला. दुसऱ्या सत्रात १५ क्रेडिटवर ३.६ मिळवला तर एकूण बरोबर ३.० होतो. एका सत्रात भरून निघाला. आता समजा सहा सत्रं, ९० क्रेडिट होईपर्यंत २.४ च राहिला. शेवटच्या दोन सत्रांत ३० क्रेडिटवर अगदी ४ पैकी ४ मिळवले तरी एकूण २.८ च्या वर जात नाही. हे आकडे स्वतः मांडून बघा.

लवकर गेलात तर सल्लागारांच्या हातात बरंच काही असतं: पुढच्या सत्राचं ओझं कमी करणं, शिकवणी केंद्राशी गाठ घालून देणं, पुन्हा परीक्षा दिली तर जुनी श्रेणी बदलते की दोन्ही धरल्या जातात हे तपासणं. प्रोबेशनचं (गुण ठरावीक मुदतीत सुधारा, अशा ताकिदीचं) पत्र आलं असेल तर ते घेऊन जा आणि त्यातली मुदत दोघांनी मिळून वाचा. आजारपण किंवा घरात दुःखद प्रसंग असेल तर कागदपत्रांसह अर्ज करण्याची सोय अनेक ठिकाणी असते. तिलाही मुदत असते.

किती सांगायचं हे तुम्ही ठरवा. सगळं उघड करायची गरज नाही. "घरी अडचण आहे, या महिन्यात अभ्यास होत नाहीये" एवढं पुरतं. फक्त एक लक्षात असू द्या: जिवाला धोका असल्याचं बोललात तर पुढे कळवणं सल्लागारांना बहुतेक ठिकाणी भाग असतं. आणि ते योग्यच आहे.

८. शाखा किंवा मुख्य विषय बदलायचा असेल तर

पहिल्यांदा हे बोलायला सल्लागार हीच सुरक्षित जागा आहे. त्यांना धक्का बसत नाही, हा प्रश्न त्यांच्यासमोर नेहमी येतो. जाताना "मला हे आवडत नाही" याच्याबरोबर नेमकं काय आवडत नाही तेही घेऊन जा: विषय, शिकवण्याची पद्धत, की फक्त एक पेपर? माझ्या एका मैत्रिणीला रसायनशास्त्र सोडायचं होतं. बोलता बोलता लक्षात आलं की तिला प्रयोगशाळेतले तास आवडत होते, पाठांतराचा एक पेपर नकोसा झाला होता. ती तिथेच राहिली.

बदलायचंच ठरलं तर झालेल्या क्रेडिटपैकी किती नव्या ठिकाणी धरले जातील आणि किती सत्रं वाढतील, हे आकड्यात विचारा.

९. बोलणं झालं की त्याच दिवशी लिहून पाठवा

भेटीनंतर चार ओळींचा मेल करा: "आज आपलं बोलणं झालं त्यानुसार मी अमुक पेपर या सत्रात घेते आहे, तमुक पुढच्या वर्षी, आणि जुन्या कॉलेजच्या विषयाचे तीन क्रेडिट भाषेच्या खात्यात धरले जातील. काही चुकलं असेल तर कळवा." सल्लागारही माणसं आहेत, नियम बदलतात, त्यांचीही चूक होते. सल्ला चुकीचा ठरला तर अपवादासाठी अर्ज करताना हाच मेल कामी येतो. नुसतं "मला असं सांगितलं होतं" म्हणून भागत नाही.

दोन-तीन भेटींनंतरही पटत नसेल, उत्तरं मिळत नसतील तर सल्लागार बदलून मागता येतो. विभाग कार्यालयात साधी विनंती करायची, तक्रार करायची गरज नसते.

१०. शेवटच्या वर्षाच्या आधीच पडताळणी करून घ्या

शेवटून दुसऱ्या सत्रात नाही, त्याच्याही आधी. चार वर्षांची पदवी असेल तर सहावं सत्र संपताना सल्लागारांबरोबर बसून प्रत्येक खातं तपासा. एखादा पेपर राहिला असेल तर तो घ्यायला तेव्हा दोन सत्रं हातात असतात.

त्याच भेटीत पदवीच्या अर्जाची तारीख विचारा. बऱ्याच विद्यापीठांत सगळे विषय पास झाले तरी पदवी आपोआप मिळत नाही. त्यासाठी वेगळा अर्ज भरावा लागतो आणि त्याची मुदत शेवटच्या परीक्षेच्या कितीतरी आधी संपते. माझ्या नवव्या सत्रात मी तो अर्ज पहिल्याच आठवड्यात भरला. पोचपावती त्या आठ चौकोनांच्या कागदालाच टाचून ठेवली आहे.